डोळ्याच्या पडद्याचे रफू

कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने मूलपेशींवर बोलावे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. हा विषय डॉक्टरांचा, फार तर जीवशास्त्राच्या प्राध्यापकांचा. माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या वेळी, इकडून तिकडून मागून आणलेल्या पुस्तकांतून. तेव्हा अधिकारवाणीने बोलण्याचा माझा दावा नाही. परंतु एका प्रसंगाने हा विषय मजवर लादला आणि तो समजून घेतल्यावाचून माझी सुटका राहिली नाही. तो प्रसंग आधी सांगतो.

२०१८ सालची गोष्ट. इचलकरंजीतले एक जुने जॉबर एके संध्याकाळी कचेरीत आले. जॉबर म्हणजे यंत्रमागांची जोडणी-दुरुस्ती पाहणारा कारागीर. वय साठीच्या पुढे, त्यांतली चाळीस वर्षे मागांच्या खडखडाटात गेलेली. सगळे त्यांना मामा म्हणत. हातात पतपेढीच्या कर्जाचा अर्ज होता आणि जामीन म्हणून त्यांना माझी सही हवी होती. रक्कम साडेतीन लाख. कशासाठी, असे विचारले तेव्हा म्हणाले, "डोळ्यासाठी. मूलपेशी सोडणार हायत डोळ्यात."

मामांच्या दुखण्याची सुरुवात ऐकण्यासारखी आहे. "दोन वर्सांमागं ताणा वाकडा दिसाय लागला. सूत सरळ हाय, हात लावला की कळतंय. पर डोळ्याला मधीच बाक आल्यागत दिसतंय. मला वाटलं मागच बिघडला. दोनदा फणी बदलली." दोष मागाचा नव्हता, डोळ्याच्या पडद्याचा होता. पुढे पुढे मधोमध डाग आला. समोर उभ्या माणसाचे खांदे दिसत, पण चेहरा दिसेना. तपासणीत कळले की उतारवयात पडद्याच्या मध्यभागाची झीज होते, तो हा विकार. एका मोठ्या शहरातल्या खाजगी दवाखान्याने त्यांना सांगितले, की तुमच्याच पोटाच्या चरबीतून मूलपेशी काढून डोळ्यात सोडू, त्या आपोआप पडदा दुरुस्त करतील. सोबत रंगीत पत्रक होते. जपानात आणि लंडनात असे झाले आहे, असे त्यात छापलेले होते.

मी म्हणालो, "मामा, सही आज करत नाही. आठ दिवस द्या." त्या आठ दिवसांत आणि नंतरच्या वर्षांत जे वाचले, विचारले, समजले, ते आज आपणांपुढे ठेवीत आहे.

प्रथम पडदा म्हणजे काय, ते पाहू. डोळ्याच्या पुढल्या बाजूस काचेसारखे पारदर्शक पटल असते, त्याच्यामागे भिंग. मोतीबिंदूत हे भिंग धुरकट होते आणि ते बदलता येते. भिंग बदलणे हे काम आता तालुक्याच्या गावीही होते. पडद्याचे तसे नाही. डोळ्याच्या आतल्या, मागल्या भिंतीला अस्तरासारखी चिकटलेली एक नाजूक चादर असते, तिला दृष्टिपटल म्हणतात. तिची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आत. एवढ्याशा जाडीत प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. त्यांतल्या सुमारे १२ कोटी दंडाच्या आकाराच्या, ज्या अंधुक उजेडात उपयोगी पडतात, आणि सुमारे ६० लाख शंकूच्या आकाराच्या, ज्यांच्या योगाने रंग आणि बारकावे कळतात. ह्या शंकुपेशींची सर्वांत दाट वस्ती पडद्याच्या मध्यभागी, पीतबिंदूत असते. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सारी कामे ह्या चिमुकल्या जागेची.

ह्या प्रकाशपेशींच्या मागे, त्यांना अगदी खेटून, काळपट पेशींचा एकच एक थर असतो. त्याला आपण रंजकथर म्हणू. मित्रहो, आजच्या विषयाचा खरा नायक हा रंजकथर आहे. तो स्वतः काहीच पाहत नाही. प्रकाशपेशी दिवसभर प्रकाश सोसतात आणि त्यांची टोके झिजतात. रोज सुमारे दहावा हिस्सा टाकून द्यावा लागतो आणि नवा घडवावा लागतो. टाकलेला हा कचरा रंजकथर गिळतो आणि पचवतो. मागल्या रक्तवाहिन्यांतून येणारे पोषण तोच पुढे पोचवतो. एकेक रंजकपेशी वीस-तीस प्रकाशपेशींची चाकरी करते, आणि तीही जन्मभर, कारण ह्या पेशी मोठेपणी सहसा विभागत नाहीत. पाळी बदलायला दुसरा माणूसच नाही, असा हा प्रकार.

शहरातले सफाई कामगार आठ दिवस कामावर आले नाहीत, तर काय होते हे आपण जाणतो. आधी गल्ल्या तुंबतात, मग रोगराई येते आणि अखेर ज्यांनी त्या कामगारांकडे कधी पाहिलेही नव्हते, ते घरात आजारी पडतात. पडद्यातही तसेच घडते. वयोमानाने रंजकपेशींत न पचलेला कचरा साठतो, काही पेशी मरतात, आणि त्यांच्या आधारावर जगणाऱ्या प्रकाशपेशी मागोमाग मरतात. हा शुष्क प्रकार. दुसऱ्या प्रकारात मागून नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या पडद्याखाली घुसतात, गळतात, त्यांतून रक्त झिरपते. हा ओला प्रकार. शुष्क प्रकार वर्षानुवर्षे हळूहळू चालतो. ओला काही आठवड्यांत दृष्टी नेऊ शकतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

आता प्रश्न असा, की कातडी कापली तर भरून येते, हाड मोडले तर सांधते, मग पडदाच का भरून येत नाही? कारण कातडीच्या तळाशी राखीव पेशी असतात. त्या विभागत राहतात आणि त्यांतून नवी कातडी बनत राहते. अशा राखीव पेशींना मूलपेशी म्हणतात. मूलपेशीची ओळख दोन गुणांनी होते. ती आपल्यासारखीच दुसरी पेशी निर्माण करू शकते, आणि वेळ आली की आपले बालपण सोडून एखाद्या ठरावीक कामाची पेशी होऊ शकते. १९६१ मध्ये कॅनडात टोरांटो येथे टिल आणि मॅकलॉक ह्या दोघांनी उंदरांवर प्रयोग करून अस्थिमज्जेत रक्ताच्या अशा मूलपेशी असतात, हे दाखवून दिले. आज रक्ताच्या कर्करोगावर अस्थिमज्जेचे रोपण होते, त्याच्या बुडाशी हेच ज्ञान आहे.

डोळ्यातही मूलपेशी आहेत, पण त्या पुढल्या पारदर्शक पटलाच्या कडेला, काळे आणि पांढरे बुबुळ जेथे मिळतात त्या वर्तुळावर. चुना किंवा रसायन डोळ्यात उडून ही कडा भाजली, की पटल पांढरे पडते. अशा रुग्णांच्या धड डोळ्यातून इवलासा तुकडा घेऊन, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून, भाजलेल्या डोळ्यावर लावण्याचे काम हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत २००१ सालापासून झाले आहे. पुढे तेथीलच डॉक्टरांनी प्रयोगशाळेवाचून, तुकड्याचे कण थेट डोळ्यावर पसरण्याची सोपी रीतही काढली. हे भारतातले काम आहे आणि ते जगाने वाखाणलेले आहे. परंतु ते डोळ्याच्या पुढल्या काचेचे काम आहे, मागल्या पडद्याचे नव्हे. "डोळ्यावर मूलपेशींचा उपचार होतो" हे वाक्य म्हणूनच खरेही आहे आणि फसवेही. पडद्यात आपल्या उपयोगी पडतील अशा राखीव पेशी जाग्या नसतात. काही मासे आपला पडदा पुन्हा घडवू शकतात, पण माणसाचा पडदा एकदा गेला की गेला.

मग पडद्याच्या पेशी आणायच्या कोठून? ह्याचे उत्तर मिळायला बरीच वर्षे लागली. गर्भधारणेनंतर पहिल्या काही दिवसांत भ्रूणातल्या पेशी कोऱ्या असतात. त्यांतून शरीराची कोणतीही पेशी होऊ शकते. उंदराच्या भ्रूणातून अशा पेशी काढून त्या बशीत जिवंत ठेवण्याचे काम १९८१ मध्ये झाले. माणसाच्या बाबतीत ते १९९८ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे जेम्स थॉमसन ह्यांनी साधले. परंतु तेथे दोन अडचणी उभ्या राहिल्या. भ्रूण वापरावा की नाही, हा नीतीचा प्रश्न. आणि परक्याच्या पेशी शरीर स्वीकारील काय, हा प्रकृतीचा.

त्यातून वाट काढली ती जपानच्या शिन्या यामानाका ह्यांनी. ह्या गृहस्थांची मला विशेष आपुलकी वाटते. त्यांचे वडील शिवणयंत्रांचे भाग बनविणारा एक लहानसा कारखाना चालवीत. मुलगा अस्थिशल्यचिकित्सक झाला, पण शस्त्रक्रियेत हात इतका संथ, की वरिष्ठ त्यांना अडथळा म्हणून हिणवीत. त्यांनी शस्त्रक्रिया सोडली आणि संशोधन धरले. इंग्लंडच्या जॉन गर्डन ह्यांनी १९६२ मध्येच दाखविले होते, की बेडकाच्या पिलाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक अंड्यात घातले तर त्यातून पुन्हा जीव घडू शकतो. म्हणजे कामाला लागलेली पेशी आपले मूळचे सर्व ज्ञान विसरत नाही. ते नुसते कपाटात बंद होते. हे कपाट कोणत्या किल्ल्यांनी उघडेल, हा यामानाकांचा प्रश्न होता. त्यांनी २४ जनुके निवडली. ती सर्व मिळून घातली तेव्हा उंदराच्या साध्या पेशी कोऱ्या झाल्या. मग एकेक जनुक वगळून पाहिले. कोणते काढले म्हणजे काम थांबते? मागाचा दोष शोधताना जॉबर हेच करतो. अखेर चार जनुके उरली. हे २००६ साल. २००७ मध्ये माणसाच्या कातडीतील पेशींवर तोच प्रयोग यशस्वी झाला. २०१२ चे नोबेल पारितोषिक गर्डन आणि यामानाका ह्यांना मिळून देण्यात आले.

आता अशा कोऱ्या पेशीपासून पडद्याची पेशी कशी वाढवतात, ते पाहू. हे वाचताना मला सर्वांत आश्चर्य वाटले ते ह्याचे, की ह्या कामात जादू फारशी नाही आणि चिकाटीची मजुरी पुष्कळ आहे. पेशी एका उबदार पेटीत, शरीराइतक्या म्हणजे ३७ अंश उष्णतेत, सपाट बशीत ठेवतात. त्यांना साखर, क्षार, प्रथिने असलेला द्रव लागतो आणि तो जवळजवळ रोज बदलावा लागतो. रविवार असो, दिवाळी असो, पेशींना सुट्टी ठाऊक नाही. त्या फार दाटल्या तर वेगळ्या कराव्या लागतात, एकही जंतू शिरला तर अख्खा घाणा टाकून द्यावा लागतो. जोवर द्रवात एक ठरावीक वाढघटक असतो तोवर पेशी कोऱ्या राहतात. तो काढून घेतला आणि योग्य संकेत देणारी द्रव्ये योग्य क्रमाने दिली, की त्या वाढीला लागतात. काही आठवड्यांनी बशीत तपकिरी ठिपके दिसू लागतात. नुसत्या डोळ्यांनीही दिसतात! तेच रंजकपेशींचे पुंजके. ते अलगद उचलून दुसऱ्या बशीत लावतात, आणि पाहता पाहता मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी फरशी तयार होते. पेशी ज्या आकारात आणि रंगात डोळ्यामध्ये असते, त्याच रूपात ती बशीत येते.

पण दिसण्यावर कोणी जात नाही. ती काम करते काय, हे पाहतात: प्रकाशपेशींच्या टोकांचे तुकडे तिला देतात आणि ती ते गिळते का, हे तपासतात. तिच्या जनुकांत काही बिघाड झालेला नाही ना, हे पाहतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एखादी कोरी पेशी चुकून त्यात राहिली नाही ना, ह्याची खात्री करतात. कारण कोरी पेशी काहीही होऊ शकते, गाठसुद्धा. बी पेरताना तणाचे बी मिसळले तर शेताचे काय होते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. ह्या सर्व कामाला महिने लागतात.

जपानच्या कोबे शहरात मासायो ताकाहाशी ह्या नेत्रतज्ज्ञ बाईंच्या चमूने हे काम केले. १२ सप्टेंबर २०१४ रोजी सत्तरीच्या एका स्त्रीच्या डोळ्यात, तिच्याच कातडीपासून घडविलेल्या रंजकपेशींची चकती बसविण्यात आली. चकती १.३ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर लांब, म्हणजे तांदळाच्या कणीएवढी. यामानाकांच्या रीतीने केलेल्या पेशी माणसाच्या शरीरात घालण्याची जगातली ही पहिली वेळ. स्त्रीला ओल्या प्रकारचा विकार होता. वर्षभरानंतर चकती जागेवर जिवंत होती, गाठ झाली नव्हती, शरीराने तिला नाकारले नव्हते. आणि दृष्टी? ती सुधारली नाही आणि बिघडलीही नाही. हे ताकाहाशीबाईंच्या चमूने स्वच्छ शब्दांत छापले.

दुसऱ्या रुग्णासाठीही पेशी तयार झाल्या होत्या. परंतु तपासणीत त्यांच्या जनुकांत काही बदल आढळले. ते बदल अपायकारकच होते असे सिद्ध झालेले नव्हते. तरीही २०१५ मध्ये ती शस्त्रक्रिया थांबविण्यात आली. जगाचे डोळे लागलेले असताना आणि रुग्ण वाट पाहत असताना त्यांनी हात आवरता घेतला.

नेमक्या त्याच २०१५ साली, अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातल्या एका दवाखान्यात काय घडले, ते आता ऐका. ७२ ते ८८ वर्षांच्या तीन स्त्रिया तेथे गेल्या. प्रत्येकीकडून ५,००० डॉलर घेण्यात आले. त्यांच्या पोटाच्या चरबीतून पेशी काढून, ते मिश्रण मूलपेशी म्हणून, दोन्ही डोळ्यांत एकाच वेळी टोचण्यात आले. जाताना त्यांना कमीअधिक दिसत होते. काही दिवसांतच डोळ्यांत रक्तस्राव झाला, पडदे सुटले. वर्षभराने तिघींची दृष्टी फारच खालावलेली होती, आणि एकीला उजेड-अंधार इतकाही भेद कळत नव्हता. एकेक डोळा आधी करून पाहावा, ही साधी दक्षताही घेतलेली नव्हती. सरकारी नोंदवहीत हा प्रयोग नोंदलेला होता, त्यामुळे आपण खऱ्या वैद्यकीय चाचणीत भाग घेत आहोत असा समज होण्यास जागा होती.

कोबेच्या चकतीचा अहवाल आणि ह्या तीन स्त्रियांचा अहवाल एकाच वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात, मार्च २०१७ मध्ये, पाठोपाठ छापले गेले. ते दोन्ही वाचले तेव्हा मामांच्या हातातले पत्रक मला नीट वाचता आले. पत्रकात गुणगान होते कोबेचे आणि देऊ केले होते ते फ्लोरिडाचे! चरबीतल्या पेशी म्हणजे रंजकपेशी नव्हेत. त्यांना पडद्याचे काम कोणी शिकविलेले नाही. डोळ्यात सोडल्या म्हणजे त्या योग्य जागी जातील आणि योग्य काम करतील, ह्याला काही आधार नाही. रफू करायला त्याच जातीचे सूत आणि बसलेला हात लागतो. मूठभर कापूस कापडावर फेकल्याने भोक बुजत नाही.

लंडनचा प्रयोगही खरा होता. तेथे मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयात दोन रुग्णांच्या डोळ्यांत, भ्रूणापासून घडविलेल्या सुमारे एक लाख रंजकपेशींचे ठिगळ एका पातळ पापुद्र्यावर वाढवून बसविले. ठिगळ ६ मिलिमीटर लांब, ४ मिलिमीटर रुंद. २०१८ मध्ये छापलेल्या अहवालानुसार, ज्यांना चष्मा लावूनही वाचता येत नव्हते अशा ह्या दोघांना वर्षभराने सावकाश का होईना वाचता येऊ लागले. आनंदाचीच गोष्ट. पण त्याच अहवालात हेही आहे, की एकाचा पडदा नंतर सुटला आणि त्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. शिवाय दोघांनाही ओल्या प्रकाराने अचानक गाठले होते. त्यांच्या प्रकाशपेशी अजून पुरत्या मेलेल्या नव्हत्या. रंजकथर नवा मिळाला आणि त्या सावरल्या. वर्षानुवर्षे झीज होऊन प्रकाशपेशीच संपल्या असतील, तर नुसत्या सफाई कामगारांची भरती करून ओसाड गाव वसत नाही.

ह्यावरून दुरुस्तीच्या तीन पायऱ्या ध्यानात येतील. रंजकथर बदलणे ही पहिली आणि त्यातल्या त्यात सोपी, कारण ह्या पेशींना कोणाशी तारा जोडायच्या नसतात. दुसरी पायरी प्रकाशपेशींची. त्या नव्या बसवायच्या तर पुढल्या मज्जापेशींशी त्यांची जुळणी व्हावी लागते. जपानच्या योशिकी सासाई ह्यांनी २०११ मध्ये दाखविले, की उंदराच्या कोऱ्या पेशींचा गोळा योग्य द्रवात ठेवला तर तो आपण होऊन डोळ्याच्या पेल्यासारखा वळतो आणि त्यात पडद्याचे थर रचले जातात. पुढल्याच वर्षी माणसाच्या पेशींतही ते साधले. अशा पडद्याचे तुकडे २०२० पासून कोबे येथे रातांधळेपणाने सुरू होणाऱ्या आनुवंशिक विकाराच्या दोन रुग्णांत बसविले गेले. ते टिकले, पण ह्यातून उपयोगी दृष्टी मिळते असे म्हणण्याची वेळ अजून आलेली नाही. तिसरी पायरी डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूची. काचबिंदूने तो मेला तर त्याच्यावर पेशींचा इलाज आज कोणापाशीही नाही.

पैशांचा प्रश्न टाळून चालणार नाही. कोबेच्या पहिल्या शस्त्रक्रियेला सुमारे १० कोटी येन खर्च आल्याचे सांगतात आणि पेशी तयार व्हायला वर्षाच्या आसपास काळ गेला. प्रत्येक माणसासाठी वेगळा कारखाना काढायचा, तर हा उपचार राजेरजवाड्यांचाच राहील. म्हणून पुढली दिशा अशी आहे: ज्यांच्या पेशी अनेकांच्या शरीराशी जुळतात, असे मोजके दाते शोधायचे, त्यांच्यापासून कोऱ्या पेशींचा साठा करून ठेवायचा आणि एका घाण्यातून अनेकांना पुरवायचे. कोबे येथे मार्च २०१७ मध्ये अशा दात्याच्या पेशी प्रथम बसविल्या गेल्या आणि त्या वर्षात एकूण पाच रुग्णांना त्या मिळाल्या. आपल्या देशातही बंगळूरच्या आयस्टेम ह्या कंपनीने घडविलेल्या रंजकपेशींची शुष्क विकारावरील चाचणी सुरू झालेली आहे. यंत्रमागाने कापड स्वस्त झाले, तसे हेही स्वस्त होईल काय? होऊ शकेल. पण स्वस्त झालेले कापड विणणाऱ्याच्या अंगावर आपोआप आले नाही, हा आपला अनुभव आहे. संशोधनात सार्वजनिक पैसा पुष्कळ गेलेला आहे. तेव्हा त्याचे फळ सरकारी रुग्णालयात मिळाले पाहिजे, ही मागणी आजपासूनच करावी लागेल. उपचार सिद्ध झाल्यावर करू म्हटले तर उशीर होईल.

तोवर काय करावे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ साली राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांचा सारांश असा, की रक्ताचे व तत्सम आजार वगळता मूलपेशींचे बाकीचे उपयोग प्रयोगावस्थेत आहेत, आणि ते रीतसर चाचणीतच करावेत. उपचार म्हणून विकू नयेत. म्हणून कोणी डोळ्याच्या पडद्यासाठी मूलपेशी देऊ केल्या, तर पुढील प्रश्न निर्भयपणे विचारा. ही चाचणी आहे की उपचार? चाचणी असेल तर पैसे कशाचे मागता? खऱ्या चाचणीत प्रयोगाचे औषध रुग्णाला विकत घ्यावे लागत नाही, आणि इजा झाली तर भरपाईची तरतूद असते. कोणत्या नैतिकता समितीने परवानगी दिली, तो कागद दाखवा. पेशी कशाच्या, आणि त्या पडद्याच्याच आहेत हे कशावरून? दोन्ही डोळे एकदम का करता? आणि चाचणीची नुसती नोंद म्हणजे सरकारची पसंती नव्हे, हे फ्लोरिडाच्या स्त्रियांनी फार मोठी किंमत देऊन आपल्याला शिकविले आहे.

मी सही केली नाही. मामांना सारे समजावून सांगितले. ते ऐकून घेत होते, पण मनातून दुखावले होते. "तुमचं डोळं धड हायत, म्हणून तुमास्नी घाई न्हाई," असे म्हणून ते उठले आणि चार महिने कचेरीची पायरी चढले नाहीत. त्यांचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही. आशा विकत घेण्याचा माणसाला हक्क आहे की नाही, हा प्रश्न सोपा नव्हे. परंतु मजपुढे आलेला कागद आशेचा नव्हता, कर्जाचा होता; आणि त्या कर्जापोटी जायची ती एका धड नसलेल्या, पण अजून पुरता न गेलेल्या डोळ्याची शिल्लक.

त्यांच्या मुलाने मात्र एक केले. मी सांगितल्यावरून तो त्यांना सरकारी रुग्णालयात घेऊन गेला. तेथे निदान झाले, की उजव्या डोळ्याचा मध्यभाग शुष्क विकाराने गेलेला आहे, पण डाव्या डोळ्यात ओला प्रकार नव्याने सुरू झाला आहे. ओल्या प्रकारावर सिद्ध झालेला इलाज आहे. कच्च्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे औषध ठरावीक अंतराने डोळ्यात टोचतात. ही सुई आणि ती सुई दिसायला सारखीच. एकीच्या मागे हजारो रुग्णांवर झालेल्या चाचण्यांचा पुरावा आहे, दुसरीच्या मागे रंगीत पत्रक. डावा डोळा वाचला, म्हणजे असलेला राहिला. मोठे भिंग धरून मामा वर्तमानपत्राचे मथळे वाचतात, आणि नातीच्या लग्नात तिचा चेहरा कडेने का होईना त्यांनी पाहिला.

आता ते पुन्हा कचेरीत येतात. दर पाडव्याला एकच प्रश्न विचारतात, "जपानात काय झालं?" मी त्या वर्षापर्यंतची हकीकत सांगतो. यंदा सांगितले, की काम चालले आहे, आपल्या देशातही चालले आहे, काही रुग्णांत फरक दिसतो, पण दुकानात मांडण्याजोगे अजून काही नाही. आणि ज्या दिवशी होईल त्या दिवशी तुमच्या अर्जावर पहिली सही माझी.

शेवटी एक विनंती. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाने घरी जाऊन एक डोळा झाकावा आणि दाराच्या चौकटीकडे किंवा फरशीच्या रेघांकडे पाहावे. मग दुसरा डोळा झाकून पाहावे. सरळ रेघ मध्येच वाकलेली दिसली, तर मामांसारखी फणी बदलत बसू नये. आठ दिवसांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे.